मुक्यांची खिंड

आमच्या मास्तरानं एका अख्ख्या जगात मिरची उगवू दिली नाही आणि त्यावरून वहिनी त्याच्याशी जवळजवळ भांडल्या. या खेळाच्या बाबतीत हा माणूस कुणाचं ऐकणार नाही, हे मला तेव्हाच कळलं.

मास्तर माझा कॉलेजातला मित्र. वाटूरकडच्या एका शाळेत शिकवतो म्हणून मास्तर. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती, वडिलांकडे अजून आहेत. दुसरा मित्र शेठ. जालन्यातल्या मस्तगडात त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि दुकानाच्या वर रंगाचे डबे, पाइपांची बंडलं ठेवायची एक खोली आहे. दुकान बंद असतं त्या दिवशी दुपारी आम्ही त्या खोलीत जमतो. वहिनी म्हणजे शेठची बायको. नवरा दर आठवड्याला वर जाऊन करतो तरी काय, हे बघायला एकदा चहा घेऊन आल्या आणि खाली गेल्याच नाहीत. चौथी मी. नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. बी उगवतं की नाही, ते पेरून बघायचं, एवढंच माझं काम.

खेळ सांगायला सोपा आहे. टेबलाभोवती बसायचं. एक जण जग चालवतो आणि बाकीचे त्या जगातली एकेक माणसं होतात. काय करायचं ते तोंडानं सांगायचं आणि ते जमलं की नाही, हे वीस बाजूंचा पासा ठरवतो. ना जुगार, ना मोबाइल. शेजारच्या दुकानदारांना वर्षभर वाटत होतं की आम्ही वर भिशी चालवतो.

सुरुवातीला आम्ही असेच फुटकळ खेळ खेळायचो. भुयार, राक्षस, खजिना. मग एके दिवशी मास्तर म्हणाला, "आता आपल्या पुस्तकांतलं जग घेऊ. मोठी मोहीम. बराबर पुस्तकाबरहुकूम."

मी खुर्ची पुढं ओढली. कारण ती पुस्तकं माझी. म्हणजे लिहिली एका परदेशी बाईनं, पण आमच्यात आणली मी. सहा जाडजूड इंग्रजी पुस्तकं. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की लोक पहिल्यांदा विचारतात, यावर सिनेमा आलाय का. पहिलं पुस्तक मला कॉलेजच्या ग्रंथालयात अगदी खालच्या फळीवर सापडलं होतं. इंग्रजी तेव्हा माझं बेताचंच. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. त्या जगात वारा माणसांच्या हाकेला येतो. सात घराणी आहेत आणि त्या घराण्यांत जन्मलेल्यांनी हाक मारली की वारा उठतो. जहाजं चालतात, गिरण्या फिरतात, शत्रूचे तंबू उडून जातात. बाकीच्या सगळ्या प्रजेला तिथं 'मुके' म्हणतात. बोलतात ती माणसं, भांडतात, गाणी म्हणतात, पण वारा त्यांचं ऐकत नाही म्हणून मुके.

पुढची पाच पुस्तकं, आणि पहिल्याचीही स्वतःची प्रत, कुठून कुठून मिळवली. प्रत्येक पुस्तक आधी मी वाचायचे, मग मास्तर, मग शेठ. वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, मी हात वर करून वाऱ्याला हाका मारलेल्या आहेत. त्या वयात घर सोडून आलेल्या मुलीला कुठंतरी राहायला जागा लागते. मी तिथं राहिले. आणि वाचताना मी कायम घराण्यांच्याच बाजूनं उभी असायचे. कादंबरी वाचताना कुणी तुमचा जन्माचा दाखला मागत नाही.

मास्तरानं तयारीला उन्हाळ्याची अख्खी सुट्टी घातली. त्याची तयारी बघण्यासारखी होती. शाळेत पाठ घ्यायचा म्हणजे आधी स्वतः गाळून घ्यायचा, ही त्याची सवय, तीच इथं. पुस्तकात एखादं पान न सांगता सोडलेलं असलं की तो तिथं अडून बसायचा. शरद ऋतूत मेंढपाळ डोंगरावरून निघून थंडीआधी खिंडीपाशी पोचतात असं पुस्तकात आहे, तर मधे किती मुक्काम पडतील, वाटेत पाणी कुठं लागेल, कोकरं सोबत असली तर चाल किती मंदावेल, याचा विचार करत तो दिवसभर बसायचा. शेवटी आपल्या वडिलांना विचारून आला. वडील म्हणाले, आधी चढ किती हाय ते सांग. त्यानं पुस्तकातल्या वर्णनावरून चढ काढला आणि परत विचारायला गेला. नसलेल्या डोंगराच्या चढावर त्या दोघांनी अख्खी संध्याकाळ वाद घातला असं त्याची आई सांगते.

मिरचीचं भांडण याच तयारीतलं. वहिनींनी पुस्तकं वाचलेली नव्हती. त्यांनी जाहीर केलं की त्या स्वयंपाकीण होणार आणि सैनिकांना ठेचा-भाकर खाऊ घालणार.

"वहिनी, तिथं मिरची न्हाई," मास्तर म्हणाला.

"न्हाई म्हंजे? संपली?"

"उगवतच न्हाई. सहाही पुस्तकांत कुठं न्हाई."

"मंग ते लोक जेवतात काय?"

"जवाची भाकर, कांदा, चीज, खारवलेलं मटण."

"काय करायचं असं राज्य!" वहिनी म्हणाल्या. "कांदा हाय ना? मंग बघते मी." पण त्यांनी शेवटपर्यंत एक मिरचीचं रोप कुंडीत लपवून न्यायची परवानगी मागितली आणि मास्तरानं ती शेवटपर्यंत दिली नाही.

मला त्याचं हे फार आवडायचं. कुणी विचारलं नसतं, कुणाला कळलंही नसतं, तरी त्यानं एक मिरची आत येऊ दिली नाही. आपल्याकडे कुठलीही गोष्ट आपल्या सोयीनं वाकवून घ्यायची इतकी सवय आहे की असा हट्टी माणूस दिसला की मला बरं वाटतं.

मग पहिली बैठक झाली. माझ्या डोक्यात माझं पात्र पक्कं होतं. मी वारा बोलावणारी होणार. गच्चीवरच्या त्या मुलीला एवढ्या वर्षांनी आवाज मिळणार. मास्तरानं पासा मधे ठेवला आणि म्हणाला, "आधी जन्म."

"म्हंजे?" मी विचारलं.

"तिथं घराण्यातली माणसं थोडी असतात. म्हणून वीस पडले तरच घराण्यात जन्म. बाकी सगळे मुके. पुस्तकात हाय तसंच."

शेठनं हातावर फुंकर मारून पासा टाकला. वीस. खरंच वीस. तो खुर्चीवरून उठून नाचला. वहिनी म्हणाल्या, मला कशाला टाकायला लावता, मी स्वयंपाकीण. मग माझी पाळी. मी टाकला. अकरा.

"मुकी," मास्तर म्हणाला. साधंच बोलला तो, वर्गात हजेरी घेतात तसं.

मी पाशाकडे बघत राहिले. मग माझं डोकं सटकलं. माझं डोकं सटकतं तेव्हा आवाज चढत नाही, उलट खाली जातो, आणि ओळखीच्यांना त्याचीच भीती वाटते. मी म्हणाले, "माझ्या आजोबांनी ज्या गोष्टीतून बाहेर पडायला धर्म बदलला, ती मी इथं तुमच्या खोलीत बसून पाशावर परत घेऊ काय?"

शेठ नाचायचा थांबला. मास्तराचा चेहरा उतरला. आमच्या मैत्रीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि तिच्याबद्दल कधी बोलायची वेळ आली नव्हती.

"थांब," तो म्हणाला. "तुझ्यासाठी सोडतो ना नियम. तुला वारा बोलावता येतो असं धरू. त्यात काय एवढं?"

तो मनापासून बोलला होता आणि म्हणूनच मला जास्त राग आला. ज्या माणसानं वहिनींसाठी एक मिरची सोडली नाही, तो माझ्यासाठी सगळ्यात मोठा नियम सोडायला निघाला होता. तुमचं बरंय, तुम्हाला सवलत असते, हे वाक्य मी शाळेत ऐकलं, कॉलेजात ऐकलं, आणि खासगी कंपनीत कसली आलीय सवलत, तरी तिथंही डबा खाताना ऐकलं.

"माझ्यावर उपकार नको," मी म्हणाले. "जगच खोटं करून मला आत घेणार असशील तर आत येऊन मला मिळणार काय?"

"मंग काय करू मी? पुस्तकात तसंच हाय!"

"पुस्तकात, पुस्तकात! त्या पुस्तकात हे बोलतंय तरी कोण?"

एवढं बोलून मी जिना उतरले. चप्पल उलटी घातली गेली, ती रस्त्यावर येऊन नीट केली.

शेवटचं वाक्य माझं नव्हतं. ते पप्पांचं. माझे वडील निवृत्त शिक्षक, माझ्याजवळच राहतात. त्यांची एक सवय आहे. वर्तमानपत्र असो, लग्नपत्रिका असो, कुणी हातात ठेवलेली पोथी असो, ते ओळीवर बोट ठेवतात आणि विचारतात, "बोलतंय कोण इथं?" लहानपणी आम्हाला याचा फार वैताग यायचा. धड्यात लिहिलं असायचं, राजा फार दयाळू होता. पप्पांचं बोट तिथंच. कोण म्हणतंय? राजाचा नोकर म्हणतोय का राजाच्या शेतावर राबणारा? आम्ही म्हणायचो, पप्पा, धडा म्हणतोय, उद्या परीक्षा आहे.

त्यानंतर मी बैठकीला गेले नाही. मला फार वाईट वाटत होतं, हे सरळच सांगते. भांडणाचं तेवढं नाही. घरी सहा पुस्तकं कपाटात समोरच होती आणि मला ती उघडता येत नव्हती. ज्या जगात मी राहून आले, तिथं माझी जागा काय होती हे आता मला माहीत झालं होतं. नियम बदलून आत जावं तर ते जग उरत नव्हतं, आणि नियम ठेवून जावं तर मी उरत नव्हते. प्रयोगशाळेत ओल्या कागदावर बिया मांडताना हेच डोक्यात फिरायचं. आमच्याकडे बी कुठल्या शेतातून आलं हे बघून निकाल देत नाहीत. ओल देतात, ऊब देतात, वाट बघतात. उगवलं तर उगवलं.

वहिनींचा मधे फोन आला. "ताई, या की. हे दोघं नुसते तोंड पाडून बसतात. माझी स्वयंपाकीण एकटी किती कांदे चिरील?" मला हसू आलं, पण मी गेले नाही.

मग एके दिवशी संध्याकाळी मी कंपनीतून बाहेर पडले तर स्टेशनच्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपाशी मास्तर उभा. खांद्याला शाळेची पिशवी, ती पुस्तकांनी फुगलेली. वाटूरहून एवढ्यासाठी आल्ता. आम्ही चहा घेतला. त्यानं आधी पावसापाण्याचं विचारलं, पप्पांचं विचारलं. मग म्हणाला, "सहाही परत वाचली."

पिशवीतून पुस्तकं वर आलेली दिसत होती, मोहिमेच्या तयारीसाठी त्यानं घेतलेला स्वतःचा संच. पानापानांतून काळे धागे लोंबत होते. त्याची आई अजून चातीवर लोकर कातते, त्या लोकरीचे. खुणेला त्याला तेच मिळाले होते.

"हे काय?" मी विचारलं.

"अभ्यास. तू येऊन राह्यलीस का रविवारी?"

"काय बदललंस?"

"काहीच न्हाई. एक अक्षर न्हाई. तुला अकरा पडले ते अकराच."

"मंग मी येऊन काय करू? मुकी होऊन मेंढरं हाकू?"

तो माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाला, "माझ्या बापानं आयुष्यभर हाकली. त्याला कुठं कमीपणा आला?"

मला एकदम कानकोंडं झालं. "मी तसं म्हणाले न्हाई," मी म्हणाले.

"माहीत हाय मला. म्हणूनच म्हणतो, ये. पटलं न्हाई तर परत जिना उतर. या वेळी चप्पल नीट घाल मात्र."

त्यानं खिडकीतून बघितलं होतं तर! मी चहाचे पैसे देऊ दिले नाहीत आणि येते म्हणाले.

ती मोहीम मी कधी विसरणार नाही. मी मुकी होते, एका मोठ्या कळपासोबत चालणारी मेंढकी. शेठ घराण्याचा तरुण वारस, बापाशी भांडून वेशांतर करून आमच्यासोबत निघालेला. वहिनी स्वयंपाकीण. आम्हाला कळप घेऊन थंडीआधी खिंड ओलांडायची होती. एवढीच गोष्ट. पण मास्तरानं ती अशी चालवली की मी तेच जग पहिल्यांदा बघितलं. सहा पुस्तकं मी ते राज्य बुरुजावरून बघत आले होते. त्यानं मला शेताच्या बांधावर उभं केलं. घराण्यांचे कारभारी निरोप पाठवायचे की कळप आमच्या रानात बसवा, जमिनीला खत होईल. आम्ही धान्य किती देणार विचारायचो. हे पुस्तकात आहे, एका ओळीत आहे, मी ती ओळ तीनदा वाचून पुढं गेलेली. मास्तर ती वाचून थांबला होता, कारण त्याच्या आजोबांनी परतूरच्या रानांत अशीच मेंढरं बसवलेली. त्यानं त्या एका ओळीतून एक अख्खा मुक्काम उभा केला: कारभाऱ्याची घासाघीस, कुत्र्यांची राखण, रानाच्या मालकिणीनं पाठवलेली गरम आंबील. आणि एकही गोष्ट पुस्तकाबाहेरची नाही. मी अधूनमधून मुद्दाम तपासायचे. सापडायचीच.

कळपाचा म्हातारा मोरक्या मास्तरच व्हायचा, आणि तो बोलायला लागला की थेट त्याचे वडील. तोच खाकरा, तीच जीभ टाळूला लावून केलेली टकटक. शेठ एकदा विसरून त्याला "काका" म्हणाला.

वारसदार शेठची मात्र गंमत व्हायची. घराण्यात जन्म झाला तरी हाक मारताना पासा टाकावाच लागायचा. पंधराच्या वर पडले तर वारा येणार, नाहीतर नाही. शेठ मोठ्या ऐटीत उभा राहायचा, हात पसरायचा आणि तीन पडायचे. वहिनी म्हणायच्या, "आमच्याकडं बी असंच हाय, आवाज मोठा अन् काम काही न्हाई."

आणि मग खिंड आली.

वर वादळ घोंगावत होतं. आदल्याच मुक्कामाला घराण्याच्या शिपायांनी वारसाला ओळखून धरून नेलं होतं, म्हणजे शेठचं पात्र आमच्यासोबत नव्हतं. खिंडीच्या तोंडाशी कळप, मागं बर्फ, समोर अंगावर येणारा वारा. मी मास्तराला म्हणाले, थांबतो आम्ही. तो म्हणाला, थांबलात तर कोकरं जातील. मी म्हणाले, मग मागं फिरतो. तो म्हणाला, वाट बुजली.

मग त्यानं म्हाताऱ्या मोरक्याचा आवाज काढला. "पोरी," तो म्हणाला, "वाऱ्याला सांग जरा."

शेठ ताडकन सरळ बसला. पुस्तकाच्या बाबतीत तो मास्तराइतकाच कडवा.

"ए, असं चालणार न्हाई. ती मुकी हाय. मुक्यांना वारा येत न्हाई."

"कोण म्हणतं?" मास्तरानं स्वतःच्या आवाजात विचारलं.

"पुस्तक म्हणतं!"

"पुस्तकात कोण म्हणतं?"

ते पप्पांचं वाक्य होतं. मास्तरानं पिशवी टेबलावर पालथी केली. काळ्या धाग्यांची सहा पुस्तकं. "जिथं जिथं हा नियम आलाय, तिथं धागा हाय. घे, तूच वाच. फक्त बोलतंय कोण, तेवढं सांग."

शेठनं पहिला धागा धरून पान उघडलं. "हा घराण्याचा सरदार." दुसरा. "घराण्याचा पुजारी." तिसरा. "हा... याला बापानं सांगितलेलं हाय. बाप घराण्यातलाच." पुढचं पुस्तक. राणी. सेनापती. राणीची दाई, तिला राणीनं शिकवलेलं. शेठ अधाशासारखा पानं उलटत गेला. त्याला चूक काढायचीच होती आणि प्रत्येक पानाला त्याचा आवाज खाली येत गेला. वहिनी त्याच्याजवळ सरकून पुस्तकात डोकावत होत्या.

"आणि बाई स्वतः?" मी विचारलं. "लिहिणारी?"

"एकदाही न्हाई," मास्तर म्हणाला. "सहा पुस्तकांत एकदाही ती आपल्या तोंडानं असं म्हणत न्हाई. अन् कुठला मुका हाक मारून बघतोय, असं बी कुठं न्हाई. कोणी मारूच दिली न्हाई."

मग त्यानं तिसऱ्या पुस्तकातला एक धागा दाखवला. तो पांढरा होता. मी वाचलं. मेंढपाळ दरवर्षी ती खिंड ओलांडून जातात आणि घराण्यांपैकी कुणी त्यांना पोचवायला जात नाही. एवढंच वाक्य. त्यानंतर बाईंनी राजवाड्यातल्या मेजवानीचं वर्णन सुरू केलंय.

"दरवर्षी," मास्तर म्हणाला. "त्या वाऱ्यातून. कळप घेऊन. मंग जातात कसे?"

शेठनं पुस्तक मिटलं. वीस पडले तेव्हा नाचलेला हा माणूस. त्याचं काहीतरी त्याच्याकडून जात होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. मग पासा उचलून त्यानं तो माझ्यासमोर ठेवला. "बराबर हाय," तो म्हणाला. "बिलकुल बराबर. टाक तू."

मला त्या दोघांचा त्या क्षणी फार अभिमान वाटला. मी रागाच्या भरात फेकलेलं एक वाक्य या मास्तरानं उचलून नेलं होतं, शाळा सांभाळून सहा पुस्तकं परत पिंजली होती, आणि मला काहीही फुकट दिलं नव्हतं. जग जसंच्या तसं होतं. अकरा अकराच होते. त्यात एक मिरचीही त्यानं येऊ दिली नव्हती.

"किती पाहिजेत?" मी विचारलं.

"पंधराच्या वर," मास्तर म्हणाला. "सगळ्यांना तेवढेच."

मी उभी राहिले. गच्चीवर राहायचे तशी. हात वर केला, रंगाच्या डब्यांच्या त्या खोलीत, आणि वाऱ्याला हाक मारली. मोठ्यानं मारली, खालून कुणीतरी वर बघितलं असेल. मग पासा टाकला.

चार.

पासा टेबलाच्या कडेपाशी जाऊन थांबला होता आणि त्यावर स्पष्ट चार होते. वहिनींनी तोंडाला पदर लावला. मास्तरानं पासा बघितला, मला बघितलं. एवढी तयारी केलेला माणूस, एक शब्द बोलून तो वारा आणू शकला असता. नाही आणला.

"वारा आला न्हाई," तो म्हणाला. "थंडीनं तुझा आवाज फाटला. म्हातारा म्हणतो, दम घे. मंग परत."

आणि मला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. शेठला वाटलं मी दुखावले. तो म्हणायला लागला, अगं माझे तर तीन पडल्ते, विसरलीस का, घराण्यातला असून तीन. मी मान हलवत राहिले. मला त्याला सांगता येईना की त्याचे तीन आणि माझे चार, यालाच मी हसतेय.

घरी आले तर पप्पा पेपर वाचत बसले होते. त्यांनी ती पुस्तकं कधी वाचली नाहीत आणि त्या खेळाला ते लहान पोरांचा खेळ म्हणतात. तरी मी त्यांना सगळं सांगितलं. सात घराणी, मुके, काळे धागे. त्यांचं वाक्य मी वापरलं हेही सांगितलं. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"मंग? आला का वारा?"

"न्हाई आला."

"का?"

"पासा पडला न्हाई. चारच आले."

त्यांनी पेपर मांडीवर ठेवला. "पासा सगळ्यांना तोच होता?"

"तोच."

"अन् किती पाहिजेत ते बी सगळ्यांना सारखंच?"

"सारखंच."

पप्पांनी चष्मा परत घातला आणि पेपर वर घेतला. "मंग पुढच्या रविवारी टाक की परत," ते म्हणाले.